आर्जिनीनच्या डब्यांविषयी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

देवघराशेजारच्या कपाटातील आर्जिनीनचे (प्रथिने ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एकाचे) दोन्ही डबे परवा निघताना मी माझ्या बॅगेत घातले आणि समोरासमोर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. बाबा, आईच्या काळजीपोटीच तुम्ही ते आणलेत हे मी जाणते. डब्यावरील प्रतिकारशक्तीचा दावाही निव्वळ थाप नाही; कर्करोगाच्या गाठीशी लढणाऱ्या टी पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) आर्जिनीन लागतेच, आणि ते दिल्यावर उंदरांमधील गाठींची वाढ मंदावल्याचे प्रयोगही आहेत.

परंतु आईची गाठ स्तनाची होती. १९९२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी तीन दिवस रोज ३० ग्रॅम आर्जिनीन दिले, तेव्हा गाठीतील प्रथिननिर्मितीचा वेग दुपटीहून अधिक झालेला, म्हणजे गाठीच्या वाढीलाच चालना मिळाल्याचे आढळले. त्या स्त्रिया मोजक्याच होत्या, मात्रा आपल्या दोन चमच्यांहून कितीतरी मोठी होती आणि आईची गाठ तर काढून झाली आहे, तेव्हा घाबरू नका. तरीही हे वाचल्यावर मला ते डबे तिथे ठेववेनात.

शिवाय बाबा, तुम्हीही चमचाभर घेत होता म्हणे. (आईवर रागावू नका, मीच खोदून विचारले.) हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत आर्जिनीन घेणारे सहा जण दगावले, दुसऱ्या गटातील एकही नाही; चाचणी थांबवावी लागली. तिचा निकाल २००६ पासून सर्वांसमोर आहे. तुमच्या झटक्यानंतर मी हे आधीच शोधायला हवे होते.

आई, शाळेत जाताना तू माझ्या फ्रॉकच्या खिशात गूळ-शेंगदाणे भरायचीस आणि खिसा चिकट झाला की मलाच रागवायचीस. त्या मूठभर दाण्यांत जवळपास ग्रॅमभर आर्जिनीन असायचे. आता दाणे चावत नसतील तर भाजीत कूट घाल, दुपारी वरण दाट कर, रात्री वाटीभर दही घ्या. अंड्याचेही मनावर घ्याच, आजीच्या सोवळ्याचा प्रश्न आता उरलेला नाही.

पैसे वाया गेल्याची चुटपुट नको, ते मी भरते. नवा डबा मात्र मागवायचा नाही, शेजारच्या काकांनी कितीही सांगितले तरी. वेष्टनाचा फोटो पाठवला आहे. येत्या तपासणीला तो डॉक्टरांना दाखवा. त्यांनी चालेल म्हटले, तर दोन्ही डबे मी स्वतः परत आणून कपाटात ठेवीन.

तुमची,
छकुली