नागिणीचं पिल्लू आणि हॅरी पॉटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत हॅरी पॉटर, म्हणजे रोलिंगबाईंची ती जादूगार मुलाची इंग्रजी पुस्तकं, ही आपल्या कुंडलिनीचीच, म्हणजे योगात सांगितलेल्या शरीरात निजलेल्या शक्तीचीच, गोष्ट आहे असा लेख आला होता, तो आमच्या घरी सगळ्यांनी वाचला आणि पोहे-जलेबी गार होईस्तोवर त्यावर भांडणं झाली, म्हणून हे पत्र. लेखातला हिशोब असा की पुस्तकं सात, शाळेची वर्षं सात, त्यातल्या व्हिलनला, म्हणजे व्होल्डेमॉर्टला, आत्म्याचे तुकडेसुद्धा सातच करायचे असतात, म्हणजे ती शक्ती वर चढताना लागणारी शरीरातली सात चक्रं. हॅरीच्या कपाळावरची खूण म्हणजे भुवयांमधलं आज्ञाचक्र. साप तर जिकडेतिकडे आहेतच. झालं, सिद्ध! माझी नात एकदम खूश, कारण तिने सगळे भाग हिंदीत दोन-दोनदा वाचलेत, म्हणाली बघ आजी मी सांगत होते ना, त्यातले मंत्र पण संस्कृतमधेच आहेत. आता यात तिची काय चूक, भोपाळच्या प्रकाशकाने काढलेल्या हिंदी अनुवादात मंत्र संस्कृतच्या वळणाचे केलेत, मूळ इंग्रजीत ते लॅटिनच्या वळणाचे आहेत. पण लेख लिहिणाऱ्यांनी तरी बघायला हवं होतं.

सातचं म्हणाल तर सात काय कुठेही सापडतात हो. वार सात, सप्तपदी सात, त्यांच्या त्या झाडूवरच्या खेळात टीमचे खेळाडूही सातच. आमचे हे म्हणाले, आपल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटही सातच आहेत, लिहून पाठव. आणि गंमत म्हणजे आपला जुना शब्द आहे षट्चक्र. सहा. सगळ्यात खालच्या मूलाधारापासून आज्ञेपर्यंत सहा, टाळूचं सहस्रार त्यांच्या वर, वेगळं. प्रत्येक चक्र म्हणजे एक कमळ, त्यांच्या पाकळ्या खालून वर ४, ६, १०, १२, १६ आणि २, बेरीज करा, बरोब्बर ५० येते, आणि प्रत्येक पाकळीवर एक अक्षर, म्हणजे अख्खी संस्कृत वर्णमाला शरीरात मांडून ठेवलीय! पूर्णानंदांच्या १५७७ च्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथात हे सगळं आहे, ते इंग्रजीत नेलं कलकत्ता हायकोर्टाचे जज जॉन वुड्रॉफ यांनी, १९१९ मध्ये, आर्थर अ‍ॅव्हलॉन या टोपणनावाने. तुम्ही लेखाबरोबर इंद्रधनुष्याच्या रंगांचं जे चित्र छापलं, खाली लाल वर जांभळा, ते विसाव्या शतकातलं पश्चिमेचं काम आहे, जुन्या ग्रंथात नाभीजवळचं मणिपूर पावसाळी ढगाच्या रंगाचं आणि आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. आणि ती कपाळावरची खूण सिनेमात तर एका बाजूला आहे, दोन भुवयांच्या मध्ये कुठे आहे?

सापाचं मात्र वेगळं आहे, तिथे मी पण जरा थांबले.

त्या व्हिलनच्या नागिणीचं नाव नागिनी. लेखिकेने स्वतः २०१८ मध्ये सांगितलं की नाव इंडोनेशियातल्या नागांच्या दंतकथांवरून घेतलं, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी लगेच आठवण करून दिली की बाई, ते नाग तिकडे गेले इथूनच. ठीक आहे, नाव आपलं. पण नावाबरोबर स्वभाव गेला का? त्यांच्याकडे बायबलातल्या ईडनच्या बागेपासून साप म्हणजे फूस लावणारा, म्हणून शाळेतल्या वाईट मुलांच्या गटाच्या (ते त्याला हाउस म्हणतात) झेंड्यावर साप, दुसऱ्या भागातला तो नजरेने मारणारा बॅसिलिस्क नावाचा सापही युरोपातल्या जुन्या कथांमधलाच. हॅरीला सापांशी बोलता येतं म्हटल्यावर सगळी शाळा त्याला घाबरते. आपल्याकडे असतं तर त्याला ओट्यावर बसवून नारळ ठेवायला लाइन लागली असती! नागपंचमीला आम्ही चिरत नाही, तवा ठेवत नाही, दिंड उकडतो. उज्जैनला महाकालच्या वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वराचं देऊळ वर्षातून त्या एकाच दिवशी उघडतं, इंदूरहून लोक रात्रीच निघतात, मी दोनदा गेलेय, पायांचे तुकडे पडतात पण दर्शन होतं.

आणि कुंडलिनी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली लिहितात, ‘नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥’ म्हणजे कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून झोपलंय. पुढच्याच ओवीत ‘औट वळणी’, साडेतीन वेटोळी. किती मायेने लिहिलंय बघा, सापाच्या पिल्लाबद्दल! मग ती जागी होते ती भुकेली, आतलं मांस खाते, शरीरातली पृथ्वी आणि पाणी संपवते, वाचताना अंगावर काटा येतो, आणि मग योग्याचं शरीर नवं होतं, दातसुद्धा नवे येतात. आता चौथा भाग आठवा. व्हिलनला शरीर राहिलेलं नाही, तर नागिनीचं विष आणि त्या एकशिंगी घोड्याचं रक्त यांचा काढा पिऊन तो जीव धरून राहतो, आणि मग नवं शरीर मिळवतो. म्हणजे साप आणि नवं शरीर ही जोडी दोन्हीकडे आहे. लेखात सात-सात करता करता हेच राहिलं! फक्त आपल्याकडे योगी स्वतःला त्या नागिणीच्या तोंडी देतो, तिकडे तो तिचं विष काढून घेतो, आणि मरायला लागू नये म्हणून आत्म्याचा एक तुकडाही तिच्यातच दडवून ठेवतो. शेवटच्या भागात हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल तलवारीने तिचं मुंडकं उडवतो तेव्हा आमची नात टाळ्या वाजवते, आणि खरं सांगते, मी पण वाजवल्या, गोष्टच तशी लिहिलीय. कुंडलिनीचं मुंडकं उडवणारा योगी मात्र मी अजून ऐकला नाही.

लेखिकेला हे सगळं माहीत होतं आणि तिने लपवून ठेवलं, असं तुमच्या लेखाचं म्हणणं, ते काही मला पटत नाही.

तर एक विनंती, येत्या नागपंचमीच्या पुरवणीत सहाव्या अध्यायातल्या या ओव्या अर्थासकट छापा, अक्षर जरा मोठं ठेवा. नातीला मोठ्याने वाचायला लावणार आहे. शाळा हिंदी मीडियमची, त्यामुळे ळ आणि ण ला अडखळते, पहिल्याच शब्दाला नागिनी म्हणेल, मग पुढचं आम्ही बघून घेऊ.

आपली,
एक आजी
रामबाग, इंदूर