डॉक्टर मॅडम, आबांची ती पिशवी तुम्ही उघडलीत

मॅडम, नमस्कार. नाव मुद्दामच लिहीत नाही, पण मे 2021 ला आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोविड वॉर्ड बघणाऱ्या मॅडमपर्यंत हे पोचलं तर त्यांना बरोबर कळेल.

आबांना 2020 च्या दिवाळीत अटॅक येऊन गेलेला, स्टेंट घातलेली, हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांवर आलेलं. आणि वर्ष व्हायच्या आत कोरोना. कोल्हापुरात तेव्हा काय हाल होते ते सगळ्यांनी भोगलंय, त्यामुळं बेड नाही म्हणाले त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो "हार्टचा पेशंट आम्ही घेत नाही" म्हणून आबांना गाडीतनं उतरू पण न देणाऱ्यांवर, आणि त्याहून जास्त त्या एका ठिकाणावर जिथं जुन्या गोळ्या सगळ्या बंद करा म्हणाले आणि अशक्तपणा आहे म्हणून सलाईनवर सलाईन चढवलं. रात्री आबांना आडवं पडता येईना, बसूनच दम टाकत होते, आणि तिथं एकच उत्तर, कोरोनात असंच होतंय.

तुम्ही आल्या आल्या स्टूल ओढून आबांजवळ बसलात आणि त्यांच्या हातातली गोळ्यांची कॅरीबॅग घेऊन उघडलीत. तोवर ती पिशवी कुणीच उघडली नव्हती ओ. पीपीई किटमध्ये घामाघूम, पण एकेक स्ट्रिप पेपरवर मांडून, मला न विचारता आबांनाच विचारत होता, "काका, ही कधी घेता? ही किती दिवस घेतली नाही?" रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या लगेच सुरू केल्या, कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि स्टेंट नवीन आहे, बंद करून चालत नाही म्हणालात. बीपीच्या गोळीनं कोरोना वाढतो असा मेसेज फिरत होता, त्यावर पण न चिडता सांगितलंत की हार्टच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2020 लाच ती बंद करू नका म्हणून सांगितलंय. आणि आबांचा चष्मा घरी राहिलाय हे तुमच्या लक्षात आलं, म्हणून प्रत्येक स्ट्रिपच्या मागं पेनानं ठळक मोठ्या अक्षरात सकाळ, रात्र लिहून दिलंत. शंभर पेशंटच्या गर्दीत एका म्हाताऱ्याचा चष्मा कोण बघतंय सांगा!

तुमच्याकडं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायचं मशीन नव्हतं, हार्टचा डॉक्टर नव्हता. ईसीजीचा फोटो काढून कोल्हापूरच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि अंगात पाणी साठतंय का कळायला रोज सकाळी साध्या काट्यावर वजन, लघवी मोजून, पायावर अंगठा दाबून खड्डा पडतोय का बघायचं. सलाईन बंद, लघवी होण्याचं इंजेक्शन सुरू, आणि दुसऱ्याच रात्री आबा उशीला डोकं टेकून झोपले. मशीन नाही म्हणून हात वर करणारे आम्ही लय बघितले, पण माणसाकडं बघायला मशीन लागत नाही हे तुमच्याकडं बघून पटलं. अशी माणसं आहेत म्हणून सरकारी दवाखाने चालतात, नुसत्या बिल्डिंगनं नाही.

घरी सोडताना म्हणालात, 2019 चा पूर आठवतोय ना, पावसाच्या आधी महिन्याभराच्या गोळ्या घेऊन ठेवा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवस पण चुकायला नको. जुलैत खरंच पूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद, कोल्हापूरकडं जायला वाट नाही, आणि आबांच्या गोळ्या घरात होत्या. त्या दिवशी आईनं तुमच्या नावानं देवापुढं साखर ठेवली.

गेल्या आठवड्यात परत इको झाला, पंपिंग 40 च्या वर गेलंय. आबा सकाळी उसाला पाणी पाजायला जातात, हळूहळू चालत. तुमची बदली झाल्याचं कळलं, कुठं ते कुणी सांगेना. गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या काहिलीतली गुळाची ढेप तुम्हालाच द्यायची असं आबांनी ठरवलंय, तेवढा पत्ता कळवा मॅडम.