हेल्मेट मागवण्याआधी पाळणा फिरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत चपट्या डोक्याच्या बाळांवर अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. डोक्याचा आकार सुधारायचं हेल्मेट घातलेल्या गोऱ्या लेकराचा फोटोही झकास. पण खालच्या चौकटीत ‘चपटेपणा टाळण्यासाठी बाळाला अधूनमधून पालथे झोपवावे’ हा सल्ला कोणत्या डॉक्टरांनी दिला, तेवढं कळवा.

पालथं झोपवू नका, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १९९२ पासून सांगत आले. त्यानंतर तिथे बाळं झोपेत अचानक दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. उताणं झोपल्यामुळे डोकी मागून चपटी होऊ लागली हे खरं, पण जीव वाचण्यापुढे त्याची काय मातब्बरी? तुमच्या चौकटीने डोकं गोल करायला जीवच पणाला लावला. बाळ पालथं ठेवायचं ते जागेपणी, आईच्या नजरेसमोर, जमिनीवर सतरंजी टाकून. सुरुवातीला ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दोन महिन्यांच्या सुमारास दिवसाची बेरीज १५ ते ३० मिनिटं व्हावी. दूध पाजल्या पाजल्या नको, ओकतं. मान उचलत नसेल तर छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दोन्ही हात तिच्या पुढे काढावेत. डोळे मिटायला लागले की लगेच उताणं.

बाकीचं काम पाळण्याचं आहे. आपल्याकडे पाळणा भिंतीला लागून असतो. दार, उजेड, येणारी-जाणारी माणसं सगळी एका अंगाला. बाळ तिकडेच तोंड करून राहतं आणि त्याच बाजूची कवटी दबते. उशाकडची बाजू पायथ्याला केली की तेच दार दुसऱ्या अंगाला येतं. खर्च शून्य. पहिले तीन महिने डोक्याचा घेर महिन्याला सुमारे २ सेंमी वाढतो, पुढचे तीन महिने १ सेंमी, नंतर अर्धा. आकार सुधारतो तो या वाढीच्या जोरावर, म्हणून ही फिरवाफिरवी दीड महिन्याच्या लसीच्या वेळीच सुरू झाली पाहिजे. झोळीत मात्र बाळाला डोकं वळवायला जागाच राहत नाही. राईची उशीही नको. हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो, आणि शिवण उसवली तर दाणे तोंडात. मालिशवाल्या मावशींनी डोकं दाबून ते गोल होत नाही, हेही एकदा छापा.

लेखात मानेचा उल्लेखच नाही! एका बाजूने खुळखुळा वाजवला की बाळ डोळे फिरवतं, पण हनुवटी खांद्यापर्यंत नेत नाही, तेव्हा दुखणं मानेच्या स्नायूत असतं. कधी तिथे सुपारीएवढी गाठ हाताला लागते. त्याला फिजिओथेरपीचे व्यायाम लागतात. मान आखडलेलीच ठेवून हेल्मेट घातलं, तर ते निघाल्यावर बाळ पुन्हा त्याच बाजूला वळतं.

आता आईने बाळाला मांडीवर बसवून वरून बघावं. चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं असेल तर बहुधा ते झोपण्याच्या सवयीचं. कान मागे ओढलेला, कवटीच्या सांध्यावर हाताला लागणारा कंगोरा, किंवा डोकं अरुंद आणि मागेपुढे लांबट असेल, तर सांधा वेळेआधी जुळला असण्याची शंका घ्यावी. तिथे नुसतं हेल्मेट उपयोगाचं नाही. थेट न्यूरोसर्जन गाठावा, कारण काही शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच सोप्या असतात.

आणि हेल्मेट. ते डोकं दाबत नाही. फुगीर बाजूला टेकतं, चपट्या बाजूला पोकळी ठेवतं, आणि डोकं वाढून त्या पोकळीत भरतं. म्हणून सुरुवात बाळ ४ ते ६ महिन्यांचं असताना हवी. ‘दोन वर्षांपर्यंत केव्हाही’ हे तुमचं वाक्य पालकांचे पैसे पाण्यात घालणारं आहे. पहिल्या दिवशी तास घालायचं, तास काढायचं. असं वाढवत आठवडाभरात दिवसाचे २३ तास. काढल्यावरचा लाल डाग तासाभरात गेला नाही तर बनवणाऱ्याकडे परत. दर एक-दोन आठवड्यांनी आतला फोम घासून जागा करावी लागते. ती चुकली तर जखम होते, वाढ अडते. गडचिरोलीतल्या एटापल्लीहून कडेवर लेकरू घेऊन पंधरवड्याला नागपूर गाठायचं, एसटीने? आणि मे महिन्यात, ४५ अंशांत, कूलर बंद पडलेल्या घरात ते २३ तास? घामोळ्यांनी डोकं भरून जाईल, बाप्पा!

नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांच्या वयाला हेल्मेटवाली २६ टक्के आणि न घातलेली २३ टक्के बाळं पूर्ण बरी होती. म्हणजे जवळपास सारखीच. त्यात अतितीव्र चपटेपणाची आणि आखडलेल्या मानेची बाळं नव्हती. व्यायाम आणि कूस बदलूनही तीव्र चपटेपणा हटत नसेल, तिथे हेल्मेटला जागा आहे. पण लेख वाचून वाटतं, प्रत्येक पाळण्यात एक हवंच.

जाता जाता, ही रविवारची पुरवणी आमच्या तालुक्यात सोमवारी दुपारी पोचते. पैसे मात्र रविवारचेच लागतात.

चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात यावी. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची तर हेल्मेटच्या परिच्छेदाला लावा, पालथं झोपवण्याच्या नको.

— एक बालफिजिओथेरपिस्ट, पांढरकवडा, जि. यवतमाळ