दाबातून चुंबकत्व : लेखातील दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाबातून ऊर्जा देणाऱ्या पदार्थांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख उद्यमबागेत लेथवर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने दोनदा वाचला, पण त्यात पिझो स्फटिक आणि टर्फेनॉल-डी यांना एकाच माळेत ओवले आहे, ते खटकले. क्वार्ट्झसारखा पिझो स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर थेट विद्युतभार येतो. टर्बियम, डिस्प्रोसियम आणि लोखंड यांचा मिश्रधातू असलेले टर्फेनॉल-डी दाबले, तर बदलते ती त्याची चुंबकीय अवस्था. भोवती तारेचे वेटोळे असेल, तरच त्या बदलातून वीज हाती लागते.

दाबाने चुंबकीय अवस्था बदलण्याचा हा गुण इटलीच्या एमिलिओ विलारी यांनी १८६५ मध्ये नोंदवला. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी बदलते, ही त्याची उलट बाजू जेम्स जूल यांना १८४२ मध्येच दिसली होती, आणि ती आपण रोज ऐकतो : गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची घरघर बरीचशी गाभ्याच्या पत्र्यांच्या ताणण्या-आकसण्याचीच असते. पुरवठा ५० हर्ट्झचा असला तरी हे सेकंदाला १०० वेळा घडते, कारण क्षेत्राची दिशा उलटली तरी लांबीतला बदल तोच राहतो.

दाबाने चुंबकत्व 'निर्माण होते' हा लेखातला शब्दप्रयोगही सैल आहे. लोखंडात आधीच चुंबकीय असलेले सूक्ष्म भाग नाना दिशांना तोंड करून असतात; दाब त्यांना वळवतो, पण कोणत्या बाजूला वळायचे हे बाहेरचे क्षेत्र ठरवते. नरम लोखंडाची सळई उत्तर-दक्षिण आडवी धरून हातोडीने ठोकल्यास तिच्या टोकाला बारीक कीस चिकटू लागतो, तो पृथ्वीच्या क्षेत्रामुळे. (विलायती पुस्तके सळई बरीच तिरकी धरायला सांगतात, बेळगावात पृथ्वीचे क्षेत्र बरेचसे आडवे असल्याने तसे करायची गरज नाही.)

उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या काट्यावर उभ्या असताना वीज मिळत राहील, हे लेखातले विधान मात्र चूकच आहे. वेटोळ्यात वीज येते ती चुंबकत्व बदलत असताना. ट्रॉली चढताना एक झटका मिळेल, उतरताना दुसरा, मधल्या वेळात काही नाही, आणि तो झटकाही शेवटी ट्रॅक्टरच्या डिझेलमधूनच येणार. या गुणाचा खरा उपयोग मोजमापात आहे : फिरत्या शाफ्टवर किती पीळ पडतो, हे त्याला हात न लावता बाहेरच्या वेटोळ्यांनी कळते.

आपला,
एक निवृत्त टर्नर, टिळकवाडी, बेळगाव