लाइट काढून घ्या, मग ठरवू रॉकस्टार कोण

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधून "खरा ग्रेट रॉकस्टार कोण" यावरून जी काय जुंपलीये ती मी रोज दुकानात बसून वाचतोय आणि शेवटी राहवलं नाही म्हणून लिहितोय. एका वाचकानं लिहिलं ज्याचे अल्बम जास्त खपले तो मोठा. दुसऱ्यानं लिहिलं जो तरुणपणी गेला तो, म्हातारा झाला तो कसला रॉकस्टार. आणि एका भाऊंनी तर थेट लिहून टाकलं की क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला म्हणून तोच नंबर एक, विषय संपला. मला पण फ्रेडीचंच नाव घ्यायचंय, पण ह्या कारणासाठी नाही हो.

माझा धंदा साउंडचा. गणपती, लग्नं, जत्रा आणि त्यातल्या त्यात आवडीचं काम म्हणजे ऑर्केस्ट्रा. ह्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते, जनरेटर बंद पडला, स्टेजवर अंधार झाला, मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) गेला, की कुणाच्या अंगात किती आहे ते लगेच दिसतं. काही गायक माझ्याकडे असे बघत बसतात जसा काय मीच त्यांचा गळा घेऊन पळालोय, आणि एखादा असतो तो तसाच पुढं येतो, टाळ्या सुरू करतो आणि पब्लिककडून गाणं पूर्ण करून घेतो. तर माझी कसोटी एवढीच आहे. त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घ्या, लाइट, धूर, वेळ, वाद्यं, गर्दी, अगदी तब्येत पण, आणि मग काय उरतं ते बघा.

खपाचं आधी उरकून टाकतो. अमेरिकेत खपाच्या सर्टिफिकेटच्या हिशोबानं सगळ्यात वर असलेला अल्बम कुठला? ईगल्सचा, 1971 ते 75 च्या हिट गाण्यांचा. 2018 ला त्यानं मायकल जॅक्सनच्या थ्रिलरला मागं टाकलं, 3 कोटी 80 लाखांचा आकडा लागला. (आणि गंमत म्हणजे ज्या गाण्यासाठी आपल्याकडे ईगल्स माहितीयेत ते हॉटेल कॅलिफोर्निया त्या अल्बमवर नाहीच, ते नंतर आलं.) गाणी सुंदर आहेत, मी स्वतः साउंडचेकला लावतो. पण त्या बँडमधल्या सगळ्यांची नावं सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? खपावरून गाणं मोठं ठरत असेल, माणूस नाही ठरत.

आणि ते तरुणपणी जाण्याचं, सत्तावीस वर्षांचं. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स, गायिका जॅनिस जॉपलिन, गायक जिम मॉरिसन, तिघंही सप्टेंबर 1970 ते जुलै 71 एवढ्यात गेले, तिघंही सत्तावीस वर्षांचे, पुढे 1994 ला निर्वाना बँडचा कर्ट कोबेन, तोही सत्तावीसच. ही माणसं मोठी होती यात वाद नाही पण ती मोठी होती ती मरायच्या आधी. मरणाला कर्तबगारी धरायची म्हणजे फारच झालं. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स ऐंशी पार करून अजून गिटार वाजवतोय, त्याला काय नापास करायचं का.

आता फ्रेडीकडे येतो. 13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली स्टेडियम, इथिओपियाच्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज उर या गायकांनी भरवलेला लाइव्ह एड हा गाण्यांचा कार्यक्रम. स्टेडियममध्ये बहात्तर हजार माणूस, बाकी जग टीव्हीवर. बऱ्याच जणांनी हे यूट्यूबवर पाहिलंय, काहींनी क्वीनवरच्या 2018 च्या सिनेमात पाहिलंय, पण एक गोष्ट साउंड-लाइटवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. क्वीन स्टेजवर आले तेव्हा संध्याकाळचे पावणेसात पण झाले नव्हते आणि इंग्लंडचा जुलै, म्हणजे चक्क उजेड. आणि क्वीन म्हणजे कोण? लाइटवर पाण्यासारखा पैसा ओतणारा बँड, त्यांच्या शोमध्ये अख्खी लाइटची रिग वरखाली हलायची, धूर काय, झगमगाट काय. तिथं यातलं काही नाही. स्वतःचा सेट नाही, धड साउंडचेक नाही, गर्दी त्यांची एकट्याची नाही, वेळ वीस-एकवीस मिनिटं, की पुढचा बँड तयारच. अंगावर पांढरी बनियन आणि जीन्स. म्हणजे ज्याच्यावर त्यांचा शो उभा असायचा ते सगळं काढून घेतलेलं.

मग त्यानं काय केलं, तर आधी पियानोवर बसून बोहेमियन रॅप्सडीचा फक्त सुरुवातीचा भाग म्हटला, ऑपेरावाला मधला भाग आलाच नाही, तिथंच तोडलं आणि सरळ रेडिओ गा गा. त्या गाण्यात दोन टाळ्या येतात ना डोक्यावर हात नेऊन, त्या अख्ख्या स्टेडियमनं वाजवल्या, शेवटच्या रांगेपर्यंत, ते हातांचं शेत बघून आजही माझ्या अंगावर काटा येतो. मग नुसता "एऽऽओ", शब्द नाहीत, वाद्य नाही, तो एक तान घेणार पब्लिक ती परत करणार, तो अजून अवघड देणार पब्लिक ती पण परत करणार. बहात्तर हजार लोकांकडून सुरात गाऊन घेणं म्हणजे काय चेष्टा आहे का, आमच्याकडे दोनशे लोकांची आरती एका सुरात येत नाही.

आणि हे आपोआप झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाहीये. हे लोक आधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालमी करून आले होते, कुठलं गाणं किती कापायचं, दोन गाण्यांमध्ये किती सेकंद. बाकीचे बरेच जण आपण चॅरिटीला आलोय म्हणून सहज येऊन गाऊन गेले. रॉकस्टार म्हणजे बेफिकीर माणूस असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते इथं साफ चुकतं.

त्याच दिवशी त्याच स्टेजवर क्वीनच्या आधी यू-टू हा बँड पण होता. त्यांचा गायक बोनो गाणं चालू असताना खाली उतरला, गर्दीतल्या एका मुलीला जवळ घेऊन नाचला, आणि त्या नादात ते एकच गाणं बारा मिनिटं लांबलं आणि त्यांचं तोवरचं सगळ्यात हिट गाणं, प्राइड, वाजवायचं राहूनच गेलं. बँडवाले वैतागले, त्यांना वाटलं आपण माती खाल्ली. झालं उलटंच, लोकांना तेच आवडलं, यू-टू त्या दिवसानंतर मोठे झाले. मी बोनोचा फार मोठा चाहता नाही, भाषणं फार करतो, पण हे मानतो की त्यानं पण हातातलं सोडून दिलं आणि तरी उरला. फक्त बोनोला एका माणसापर्यंत पोचायला खाली उतरावं लागलं आणि फ्रेडी वरूनच शेवटच्या माणसापर्यंत पोचला, माझ्या मते फरक तिथं आहे.

दुसरी गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. त्या वीस मिनिटांत सहा गाणी झाली, त्यातली निम्मी फ्रेडीची नव्हतीच. रेडिओ गा गा ड्रमर रॉजर टेलरचं, हॅमर टू फॉल आणि वी विल रॉक यू गिटारवाल्या ब्रायन मेचं. बेसवाला जॉन डीकन तर स्टेजवर कोपऱ्यात शांत उभा असायचा पण अनदर वन बाइट्स द डस्ट त्यानं लिहिलंय. चौघांनीही हिट गाणी लिहिलेला असा बँड विरळाच. दुसऱ्याचं गाणं स्वतःचं असल्यासारखं गायचं आणि ते त्याचंच राहू द्यायचं हे भल्याभल्यांना जमत नाही, बँड फुटतात ते यावरूनच.

वी विल रॉक यू बद्दल तर मला वेगळं पत्र लिहावं लागेल. 1977 ला एका शोनंतर पब्लिक घरी जायच्या ऐवजी क्वीनसाठीच फुटबॉलवाल्यांचं गाणं गात राहिलं, ते ऐकून ब्रायन मेच्या डोक्यात आलं की लोकांना करता येईल असं काहीतरी लिहू. दाटीवाटीत उभा असलेला माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, गाऊ शकतो. झालं, धम धम टाळी. त्या गाण्यात शेवटची गिटार येईपर्यंत वाद्यच नाही, ड्रम नाही बेस नाही. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून रेकॉर्ड केलं आणि ब्रायन मे पडला फिजिक्सवाला, त्यानं त्या आवाजाच्या कॉप्या वेगवेगळ्या अंतरानं मागंपुढं अशा लावल्या की एको वाटत नाही, आपल्या चहूबाजूंनी हजार माणूस उभा आहे असं वाटतं. आम्ही मिक्सरवर एकोचं बटण पिळून जे करतो ते नव्हे हे. (ह्याच माणसानं अर्धवट सोडलेली खगोलशास्त्राची पीएचडी 2007 ला पूर्ण केली.) आज वानखेडेवर जे धम धम टाळी वाजतं ते हेच, कितीतरी लोकांना क्वीन माहीत नसताना वाजवतात.

आता पाचगणी. तर भाऊ, फारूख बुलसारा झांझिबारला जन्मलेलं पारशी घरातलं पोरगं, आठ वर्षांचा असताना इथं सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये आला, इथंच पियानो शिकला, इथंच त्याला फ्रेडी म्हणायला लागले, पोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड केला. अभिमान आहेच, आम्ही साताऱ्याचे, आम्हाला नसेल तर कुणाला. पण त्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा, मुख्य गायक दुसराच पोरगा होता. 1964 ला झांझिबारच्या क्रांतीत घरदार सोडून कुटुंब इंग्लंडला गेलं, तिथं तो आर्ट कॉलेजात शिकला, सेकंडहँड कपड्यांचा स्टॉल लावला, दोनतीन बँडमध्ये धक्के खाल्ले आणि मग 1970 ला क्वीन. एकदा स्टेजवर माइकचा स्टँड मधूनच तुटला तर हा तसाच अर्धा दांडका घेऊन गायला आणि पुढे आयुष्यभर तोच ठेवला. पाचगणीनं त्याला पियानो दिला, स्टेज दिलं, एवढं श्रेय घेऊ, बाकीचं त्याचं त्याला राहू द्या.

आणि तो देव नव्हता हे पण लिहायला पाहिजे. लाइव्ह एडच्या नऊच महिने आधी, ऑक्टोबर 1984 ला, क्वीन दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला वाजवून आले होते. वर्णभेदाचं राज्य, जगभरच्या कलाकारांनी बहिष्कार टाकलेला, आणि हे गेले. इंग्लंडच्या संगीतकारांच्या युनियननं दंड ठोकला. आम्ही राजकारण करत नाही, आम्ही गातो, असं त्यांचं म्हणणं, मला ते तेव्हाही पटलं नसतं आणि आज पण पटत नाही. ग्रेट रॉकस्टार हा ग्रेट माणूस असतोच असं नाही, दोन्ही हिशोब वेगळे मांडायचे, एकातली जमा दुसऱ्यात दाखवायची नाही.

शेवटी त्याच्याकडून तब्येत पण काढून घेतली गेली. एड्स होता, त्या काळात औषध म्हणावं असं काही नव्हतं. द शो मस्ट गो ऑन हे गाणं ब्रायन मेनं सुचलं तसं फार वरच्या पट्टीत बांधलं होतं आणि त्यालाच भीती वाटत होती की याला आता हे झेपणार नाही, हे त्यानं स्वतः सांगितलंय. फ्रेडीनं व्होडकाचा घोट मारला आणि गायला. 1991 च्या अल्बमवर आहे, हेडफोन लावून ऐका, कुठं आवाज चोरलाय ते शोधून दाखवा. मग स्वित्झर्लंडच्या माँत्रूमध्ये जमेल तेवढं रेकॉर्ड करत राहिला, मदर लव्ह नावाचं गाणं आहे, त्याचं शेवटचं कडवं ब्रायन मे गातो कारण फ्रेडीला उभं राहणं होईना, नंतर करू म्हणाला आणि ते नंतर आलंच नाही. 23 नोव्हेंबरला आजार जाहीर केला, 24 ला गेला, पंचेचाळीस वर्षांचा. आधी सांगितलं असतं तर त्या आजाराबद्दल लोक लवकर बोलायला लागले असते असं मला वाटतं, पण तेव्हाचे इंग्लंडचे पेपर त्याच्या दारात कसे बसले होते ते बघता दोष तरी काय देणार.

गर्दी काढून घेण्याचं राहिलं. अमेरिकेतला वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, 1969, सगळ्यात शेवटचा नंबर हेंड्रिक्सचा, उशीर होत होत सोमवारची सकाळ उजाडली, बहुतेक पब्लिक घरी गेलेलं, मैदानात चिखल आणि कचरा. त्यानं तिथं अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर असं वाजवलं की त्यातून बॉम्ब आणि विमानं ऐकू यावीत, तिकडे व्हिएतनाम चालू होतं. जो माणूस लोक निघून गेल्यावर पण असं वाजवतो तो माझ्या यादीत फ्रेडीच्या शेजारी बसतो.

आणि साहेब, तुम्ही मागच्या रविवारी जी बारा नावांची यादी छापलीत त्यात एकही बाई नाही. सिस्टर रोझेटा थार्प हे नाव त्यात घाला. 1915 चा जन्म, चर्चची गाणी गाणारी काळी बाई, एल्विस आणि चक बेरी या रॉक-एन-रोलच्या सुरुवातीच्या गड्यांच्या कितीतरी आधी इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी होती. 1964 ला मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात टीव्हीसाठी कार्यक्रम होता, पब्लिक एका प्लॅटफॉर्मवर, ती समोरच्या, आणि पाऊस. बाई कोट घालून आल्या, गिटार अडकवली आणि पावसाचंच गाणं धरलं. त्या व्हिडिओतला तिचा सोलो बघा आणि मग ठरवा यादीतून कुणाला काढायचं, माझं मत विचाराल तर सातव्या नंबरवाल्याला काढा.

आपला,
एक साउंडवाला वाचक, सातारा