मारहाणीच्या घरातली मुले कोणाच्या खात्यात?

मा. संपादक,

हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात महिला सुरक्षेवर भरपूर बोलले जाते. जिथे बाईला मारहाण होते, त्या घरांतल्या मुलांचा विषय मात्र निघत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पीडित बाईच्या मदतीसाठी नेमलेले संरक्षण अधिकारी जो कौटुंबिक घटना अहवाल भरतात, त्यात मुलांची नावे, वय आणि सध्या ती कोणाकडे राहतात याचे रकाने आहेत. म्हणजे सरकारला ही मुले ठाऊक असतात. पण अहवाल जातो न्यायदंडाधिकारी आणि पोलीस ठाण्याकडे. तो जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवावा, असे बंधन या कायद्यात नाही. गंमत म्हणजे कक्ष आणि संरक्षण अधिकारी दोन्ही महिला व बाल विकास विभागाचेच! आईच्या संमतीने मुलांपुरती माहिती कक्षाकडे गेली, तर समुपदेशन, बालसंगोपन योजनेची आर्थिक मदत वगैरे पुढचे मार्ग वेळेत उघडतील.

संमती महत्त्वाची, कारण 'तक्रार केलीस तर पोरं संस्थेत टाकतील' ही धमकी घरातूनच दिली जाते. वास्तविक बाल न्याय कायदा, २०१५ मुलाला बालगृहासारख्या संस्थेत ठेवणे हा शेवटचाच उपाय मानतो. 'मुलांना का नाही वाचवलंस?' असे मार खाल्लेल्या बाईला विचारणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

मी शिक्षिका होते, म्हणून शाळेचे सांगते. आई मुलांना घेऊन माहेरी येते किंवा वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे पीडित महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, उतरते. तिथला मुक्काम फार तर पाच दिवसांचा. मुलगा जरा मोठा असेल, तर त्याला सोबत ठेवता येईल याचीही खात्री नाही. मग नवी शाळा शोधायची, आणि तिथे आधी टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) मागतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत टीसीअभावी प्रवेश अडवता येत नाही, तरी वडिलांची सही आणा म्हणून बाईला परत पाठवतात. ज्याच्यापासून ती पळाली, त्याचीच सही! वर जुन्या शाळेत चौकशीला आलेल्या बापाला नवी शाळा कोणती हे बाबू सहज सांगून टाकतो. त्यात बाबूचा वाईट हेतू नसतो. असे सांगू नये, हे त्याला कोणी कधी बजावलेले नसते.

पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा भरोसा सेल, मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी बाल कल्याण समिती आणि शिक्षणाधिकारी यांनी एकत्र बसून शाळांसाठी एक पानभर परिपत्रक काढावे: अशा मुलांना टीसीविना प्रवेश द्यावा आणि न्यायालयाचा आदेश दाखवल्याशिवाय त्यांचा पत्ता कोणालाही देऊ नये. याला निधी लागत नाही.

एक निवृत्त शिक्षिका, नागपूर