तुझाच प्रश्न, चौदा वर्षांच्या तोंडून

प्रिय दिलप्या,

चार महिने पत्र नाही, दोष सगळा माझा. तब्येत ठीक, गुडघा आपल्या जागी. पण काल वर्गात एका मुलीने तुझाच प्रश्न विचारला. तेव्हापासून चैन नाही.

वक्तृत्वाच्या मुलांना रॉबर्ट केनेडीचं इंडियानापोलिसचं भाषण लावलंय. हा खून झालेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडीचा भाऊ, तेव्हा स्वतः राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करत होता. ४ एप्रिल १९६८. प्रचारसभेला जमलेली कृष्णवर्णीय वस्ती, वर ट्रकच्या हौद्यात हा उभा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगचा त्याच संध्याकाळी खून झालाय, हे समोरच्या बहुतेकांना माहीतच नाही. आधी तो हातातले फलक खाली घ्यायला सांगतो. मग थेट बातमी. लोक किंचाळतात, त्यांना किंचाळू देतो. तुम्हाला सूड घ्यावासा वाटेल, हे स्वतःच बोलून टाकतो. मग म्हणतो, माझ्याही घरातला माणूस मारला गेला, आणि तोही गोऱ्याच्याच हातून. भावाच्या खुनाबद्दल जाहीर सभेत तो पहिल्यांदाच असा बोलला. त्यानंतर प्राचीन ग्रीक नाटककार ईस्किलसच्या ओळी, आणि शेवटी घरी जा, प्रार्थना करा. पाच-सहा मिनिटांत संपलं. शंभराहून जास्त शहरांत दंगली झाल्या, इंडियानापोलिस शांत राहिलं.

मुलं नेमका फलकांचा भाग गाळतात. 'त्यात काय आहे, सर?' अरे, तिथेच तर निवडणूक बाजूला होते! आणि ईस्किलस उचलून सुरुवातीला आणतात, हात उंचावून, आवाज चढवून. भावाच्या उल्लेखाआधी तो आला की नुसतं सुभाषित उरतं. गंमत बघ, एडिथ हॅमिल्टनच्या अनुवादात 'डिस्पाइट' (मनाविरुद्ध) आहे, हा 'डिस्पेअर' (निराशा) म्हणून गेला. आठवणीतून बोलत होता ना! आमची पोरं ती चूकही घोटून पाठ करतात.

तर ती मुलगी. 'सर, किंगचे फोन टॅप करायला मंजुरी यानेच दिली होती ना?' हुबेहूब तुझा सूर! दिली होती, ऑक्टोबर १९६३ मध्ये, ॲटर्नी जनरल, म्हणजे अमेरिकेच्या न्याय खात्याचा प्रमुख असताना. एस.टी. कँटीनमधलं आपलं भांडण आठवलं. तू म्हणालास, ही गोष्ट आधी सांग, मग भाषण ऐकव. मी म्हणालो, आधी भाषण. बोलणं बंद झालं पंधरा दिवस, आणि त्या चहाचे पैसे तुझ्याकडे अजून बाकी आहेत.

आता वाटतं, मी चुकलो. नंतर कळलं की मुलांना फसवल्यासारखं होतं. पण आधी सांगितलं तर पुढचं सगळं त्यांना ढोंग वाटेल, ही भीती जात नाही. कारण ते ढोंग नव्हतं, दिलप्या. १८ मार्चला कॅन्सस स्टेट विद्यापीठात त्याने व्हिएतनाम युद्धाच्या सुरुवातीच्या निर्णयांतला आपला वाटा भर सभेत कबूल केला होता. त्याच दिवशी कॅन्सस विद्यापीठात म्हणाला, राष्ट्रीय उत्पन्नात तुरुंग मोजता, नापाम बाँब मोजता, मुलांचं आरोग्य मोजत नाही. एवढं मोकळं बोलणारा माणूस, पण त्या रात्री टॅपिंगबद्दल एक अक्षर नाही. बोलायला हवं होतं का? त्या गर्दीपुढे, त्या क्षणी? मला ठरवता येत नाही.

निदान क्रम असा ठेवीन म्हणतो: आधी व्हिएतनामची कबुली, मग १९६३चं टॅपिंग, मग इंडियानापोलिस, आणि फलकांचं वाक्य सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घ्यायचं. तुला पटतंय?

चिमीला प्रवेश मिळाला, फार बरं वाटलं. कलमं जगली का? वहिनींना नमस्कार. बुधवारच्या आत फोन कर, तास गुरुवारी आहे.

तुझा,
बाळू